दुधाचेच दात ना, पडतील की!

पत्र

मॅडम, आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि साडेसहा वर्षांचा मुलगा. शाळेत दातांची तपासणी झाली, त्यात त्याच्या चार दाढा किडल्याचं लिहून आलं. त्यातली खालची एक दाढ आठवडाभर रात्री ठणकते, झोपेतून उठून रडतो. सासूबाई म्हणतात, "दुधाचेच दात ना, पडतील की! त्याला कशाला खर्च?" त्या लवंगेचं तेल लावतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. त्यांचे स्वतःचे दात सत्तरीतही चांगले आहेत आणि लहानपणी त्या आंब्याच्या पानाने दात घासायच्या, हे रोज ऐकवतात.

मी त्याला चॉकलेट फारसं देत नाही. घरात साखरेऐवजी गूळच जास्त. सकाळी तो आजोबांबरोबर चहात कांकण (बांगडीसारखा कडक पाव) बुडवून खातो, शाळेच्या डब्यात बिस्किटं नाहीतर जॅम-पाव, घरी आला की पाकिटातला ज्यूस, संध्याकाळी पोदेर (पाववाला) आला की परत आजोबांबरोबर चहा, मध्ये मध्ये आजीकडून गुळाचा खडा आणि झोपताना चॉकलेट पावडर घातलेलं दूध. त्याशिवाय झोपतच नाही. ब्रश सकाळी, तोही स्वतःच करतो. फ्लोराइड वाईट असं वाचल्यामुळे मी बिनफ्लोराइडची पेस्ट आणते. नवऱ्याचे दातही लहानपणापासून खराब आहेत, म्हणजे हे घराण्यातूनच आलं का? आता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली आहे. यंदा त्याचं गोड पूर्ण बंद करू का? आणि इलेक्ट्रिक ब्रश घेतला तर फरक पडेल का?

एक आई, डिचोली

उत्तर

ताई,

चवथीचं आणि ब्रशचं नंतर. आधी ती रात्री ठणकणारी दाढ, कारण तुमच्या पत्रात घाईची गोष्ट ती एकच आहे.

थंड पाणी लागलं, कळ आली आणि घोट गिळेपर्यंत गेली, एवढंच असतं तेव्हा बहुतेक वेळा साध्या फिलिंगवर भागतं. काही न खाता-पिता, झोपेत, आपोआप ठणकणारी दाढ वेगळी. तिथे कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचल्याची शंका घ्यायची. दाताच्या आतली नस कठीण भिंतींत कोंडलेली असते. सुजली तरी पसरायला जागा नाही, आणि मूल आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो. म्हणून दिवसभर हुंदडणारं पोर रात्री दोनला उठून रडतं. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल नस थोडा वेळ बधिर करतं, तेव्हा सासूबाईंचा अनुभव खोटा नाही. पण त्याने कीड थांबत नाही, आणि तेल हिरडीवर सांडलं तर हिरडी भाजते.

आणखी एक सांगून ठेवते. चार-आठ दिवसांनी दुखणं आपोआप थांबलं तर "उतार पडला" म्हणून डॉक्टरांकडे जाणं रद्द करू नका. बऱ्याचदा ते थांबतं नस मेली म्हणून. मग महिना-दोन महिने सगळं शांत, आणि एके सकाळी हिरडीवर पुवाची पुटकुळी दिसते.

तेव्हा याच आठवड्यात दाखवा. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात दातांचे डॉक्टर असतील तर तिथे, नाहीतर सरळ बांबोळीला, गोवा दंत महाविद्यालयात. तिथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. सकाळी लवकर निघा, रांग असते. मुलाला उपाशी नेऊ नका, भुकेलं मूल खुर्चीत बसत नाही. आणि त्याला "काही करणार नाहीत, नुसतं बघणार" असं खोटं आश्वासनही देऊ नका. एकदा फसलेलं मूल पुढची कित्येक वर्षं तोंड उघडत नाही, हे आम्ही रोज बघतो. एक्स-रे काढतील. दाढ वाचण्यासारखी असेल तर नसेचा खराब भाग काढून औषध भरतील आणि वर स्टीलची टोपी बसवतील. ती चांदीसारखी चमकते, पोरं वर्गात मिरवतात. वाचण्यासारखी नसेल तर काढतील, आणि मग पुढच्या दाढेची जागा बुजू नये म्हणून छोटी तार बसवायची का, हे तुम्ही स्वतःहून विचारा.

तोवर दुखलं तर पॅरासिटामॉल, मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नका, आणि कुठलीही गोळी कुटून दाढेवर दाबू नका. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता तसेच रात्रीसुद्धा बांबोळीला निघा.

आता सासूबाईंचं म्हणणं. पडतील की! पडणार आहेतच. पण कधी? पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात. दुधाच्या दाढा मात्र दहा ते बाराव्या वर्षापर्यंत राहतात. म्हणजे तुमच्या मुलाला याच दाढांवर अजून चार-पाच वर्षं जेवायचं आहे. एका बाजूने चावणारं, भाकरी-चपाती टाळून मऊ बिस्किटांवर जगणारं, नीट न झोपणारं मूल वर्गातही पेंगतं. शिवाय दुधाच्या दाढेच्या मुळांच्या मध्ये खालची पक्की दाढ तयार होत असते. वर पू झाला तर तिच्यावर डाग किंवा खड्डे राहू शकतात. आणि दाढ वेळेआधी काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेत झुकतात, पक्का दात यायला जागा उरत नाही, तो वाकडा येतो. सासूबाईंना खर्चाचीच भाषा पटत असेल तर सांगा, बाराव्या-तेराव्या वर्षी दातांना तारा लावण्याचा खर्च आजच्या टोपीच्या किती पट असतो, ते डॉक्टरांकडूनच ऐकायला त्यांनाही बरोबर घेऊन जा. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात फरक असतो, मीही सून होते.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मला तिचीच जास्त काळजी वाटली. साडेसहा वर्षं हे पहिल्या पक्क्या दाढेचं वय. ती कुठलाही दात न पाडता, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे गुपचूप उगवते. आई-वडिलांना पत्ताच नसतो. त्यांना वाटतं, हीही दुधाचीच. तिला पुढची साठ-सत्तर वर्षं काम करायचं असतं, आणि ती उगवते नेमकी अशा तोंडात जिथे शेजारची दाढ आधीच किडलेली आहे. तिच्यावरच्या खाचा खोल असतात, ब्रशचा केस त्यांत शिरत नाही. शाळेच्या कागदावरच्या चार दाढांपैकी एखादी ही तर नाही ना, हे आधी विचारा. नसेल तर तिच्या खाचा सीलंट नावाच्या पातळ लेपाने बुजवून घ्या. सुई नाही, खरवडणं नाही, काही मिनिटांचं काम. बाकी दातांवर फ्लोराइडचं वार्निश लावता येतं. ज्या दाढांवर अजून भोक नाही, नुसता पांढरा खडूसारखा डाग आहे, ती कीड थांबवता येते, काही वेळा मागेही फिरवता येते. भोक पडलं की मात्र दात आपला आपण भरून येत नाही.

"चॉकलेट फारसं देत नाही" असं तुम्ही लिहिलंत आणि त्यानंतर मुलाचा दिवस लिहिलात. तो दिवस मी दोनदा वाचला.

तोंडात जंतू सगळ्यांच्याच असतात. दातावर जो चिकट थर साचतो, त्यात ते राहतात. आपण गोड खाल्लं की ते साखर पचवून आम्ल सोडतात. रॉबर्ट स्टीफन नावाच्या अमेरिकी दंतवैद्याने १९४०च्या दशकात दातावरच्या त्या थराचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) मोजून दाखवला: साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांत तो ५.५च्या खाली उतरतो आणि पूर्वपदावर यायला अर्धा-पाऊण तास लागतो. ५.५ ही साधारण ती पातळी, जिच्याखाली दाताच्या वरच्या कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. मग लाळ येते, आम्ल धुते, बोथट करते, गेलेलं कॅल्शियम थोडं थोडं परत भरते. दिवसभर ही ओढाताण चालू असते. लाळेला भरपाई करायला वेळ मिळाला तर दात टिकतो. भरपाई पुरी व्हायच्या आत पुढचा घास आला तर हरतो.

म्हणजे हिशेब नुसता किती चमचे साखर एवढाच नाही, दिवसातून कितीदा आणि किती वेळ रेंगाळत, हा जास्त महत्त्वाचा. याचा सगळ्यात ढळढळीत पुरावा स्वीडनमधल्या लुंड इथल्या विपेहोल्म संस्थेतल्या प्रयोगातून मिळाला, त्याचे निष्कर्ष १९५४ साली छापून आले. जेवणाबरोबर साखर दिली तेव्हा कीड थोडीच वाढली. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या दिल्या तेव्हा भराभर वाढली. तो प्रयोग बौद्धिक अपंगत्व असलेल्या, नकार देऊ न शकणाऱ्या माणसांवर केला होता. आज कुणी तसा प्रस्तावही मांडू शकणार नाही, आणि मांडूही नये. पण त्यांचे दात जाऊन जे कळलं, ते निदान वापरावं तरी.

आता तुमच्या मुलाचा दिवस. सकाळचा गोड चहा आणि कांकण, शाळेतली बिस्किटं, ज्यूस, पोदेराच्या वेळचा चहा, झोपतानाचं दूध. हे झाले पाच, आणि गुळाचे खडे किती, ते आजीच जाणे. प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास आम्ल. चॉकलेटच्या वडीचा यात कुठे संबंधच आला नाही. उलट, जेवणानंतर खाल्लेला चॉकलेटचा एक तुकडा, तोंडात विरघळून गिळून टाकलेला, या सगळ्यांपेक्षा बरा.

गुळाबद्दल गोव्यात काय आणि कोकणात काय, एक भाबडा समज आहे. गुळात लोह थोडं असेल, खनिजं असतील. दाताला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. गुळाचा मोठा भाग म्हणजे उसाचीच साखर, आणि वर तो चिकट. दाढेच्या खाचेत बसलेला गूळ साखरेच्या दाण्यापेक्षा जास्त वेळ तिथे राहतो. मधाचंही तेच. शिरगावच्या जत्रेतून आणलेलं खाजं मला स्वतःला फार आवडतं, पण ते चघळत बसलं की दातांना चिकटून राहतं, हे मी विसरत नाही.

कांकण मूळचं बिचारं निर्दोष. कडक, चावायला मेहनत, लाळ सुटते. पण गोड चहात भिजवलं की त्याचा साखर मुरलेला लगदा होतो आणि तो दातांच्या फटींत जाऊन बसतो. बिस्किटांचं असंच, मारी असो की क्रीमचं. मैदा शिजवून-भाजून बारीक झालेला असतो, लाळ त्याचीही साखर करते. आया मला सांगतात, "गोड नाही हो, बिस्किट खातो." आरशासमोर एक बिस्किट खा आणि पाच मिनिटांनी तोंड उघडून दाढा बघा. पेरू खाऊन तेच करा.

फळ आणि फळाचा रस हेही एक नाही. पेरू, चिकू, केळं, पपई खुशाल द्या. पाकिटातल्या रसात बहुतेक वेळा वेगळी साखर घातलेली असते, वर काडीने घोट घोट पित मूल तासभर टीव्हीसमोर बसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर, मध आणि रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या. १४०० कॅलरी खाणाऱ्या मुलासाठी १० टक्के म्हणजे ३५ ग्रॅम, सात चहाचे चमचे. पाकीट उलटं करून आकडा वाचा, त्या सातातले किती एका ज्यूसमध्ये संपतात ते दिसेल.

मग करायचं काय? आजोबांबरोबरचा सकाळचा चहा मी तोडणार नाही. नातवाला पुढे लक्षात राहील ते तेच. पण तो न्याहारीबरोबरच उरकू द्या, चहात साखर अर्धी करा, कांकण न बुडवता कडकच खाऊ द्या. खरं तर सहा वर्षांच्या मुलाला दोन वेळा चहाची गरजच नाही, तेव्हा संध्याकाळी पोदेर आला की उंड्याच्या पावाबरोबर लोणी, अंडं किंवा उरलेली पातळभाजी द्या आणि प्यायला बिनसाखरेचं दूध. बसायची जागा आजोबांच्या शेजारचीच. डब्यात चपाती-भाजी, भाजलेले शेंगदाणे, काकडी, उकडलेलं अंडं, ओल्या खोबऱ्याचे तुकडे. शाळेतून आला की पाणी आणि मग लगेच जेवण. आजीचा गूळ दुपारच्या जेवणानंतर लगेच, ताटावरून उठायच्या आधी, एकच खडा. एवढ्याने पाच-सहाचे दोन-तीन होतात. जेवणातल्या सोलकढीची भीती बाळगू नका, ती जेवणाबरोबर जाते. लिंबूसोडा किंवा कोकम सरबत दुपारभर घोट घोट पिणं मात्र वाईट, त्यात साखर आणि आंबटपणा दोन्ही. आणि आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच ब्रश करायचा नाही, अर्धा तास जाऊ द्यायचा, कारण तेव्हा कवच मऊ झालेलं असतं.

खोकल्याची गोड सिरपंही या हिशेबात धरा. पावसाळ्यात पोरं आठवडाभर रात्री झोपताना सिरप घेतात आणि तसंच झोपतात. सिरप आधी, ब्रश नंतर.

रात्रीचं दूध सगळ्यात वाईट आहे, आणि मला माहीत आहे की सुटायला सगळ्यात अवघड तेच. साधं दूध दातांचं शत्रू नाही, त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं उपयोगीच आहेत. त्यात ढवळलेली पावडर मात्र बरीचशी साखर. आणि झोपेत लाळ जवळजवळ आटते. दिवसा जे आम्ल अर्ध्या तासात धुऊन निघतं, ते रात्री कितीतरी जास्त वेळ दातांवर बसून राहतं. त्याच्या चारही दाढांचा मुख्य गुन्हेगार मला विचाराल तर हा पेला आहे. एकदम बंद केलात तर तीन रात्री घर झोपणार नाही, म्हणून बेताने घ्या. पहिला आठवडा दूध तेच, फक्त जेवणाबरोबर द्या. मग दर तीन-चार दिवसांनी पावडर अर्ध्या चमच्याने कमी. झोपताना तहान लागली तर पाणी. दुधाऐवजी झोपवायला काहीतरी लागेल. गोष्ट सांगा, पाठ थोपटा, आजोबांना कामाला लावा.

दुधानंतर ब्रश. रात्रीचा ब्रश आणि सकाळचा ब्रश यातला एकच मिळणार असेल तर मी डोळे मिटून रात्रीचा घेईन. आपल्याकडे मात्र उलटं. सकाळी तोंड धुतल्याशिवाय चहा नाही असं सोवळं, आणि रात्री दिवसभराचं सगळं तोंडात घेऊन झोपायचं. आणि ब्रश तुम्ही करायचा, त्याने नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या मनगटाला ते वळण नसतं. बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, तोवर दाढाही नीट घासता येत नाहीत. आधी त्याला करू द्या, त्याचा मान राहील, मग तुम्ही मागे उभं राहून त्याचं डोकं पोटाशी टेकवा, गाल बोटाने बाजूला घ्या आणि दाढांच्या वरच्या, आतल्या, बाहेरच्या बाजू घासा. हिरडी आणि दात मिळतात त्या रेषेवर केस टेकले पाहिजेत. शेवटची, नवी उगवणारी दाढ ठेंगणी असते, तिच्यावर ब्रश आडवा, गालाच्या बाजूने घालावा लागतो. दोन मिनिटं. मग थुंकायचं. खळखळून चुळा भरायच्या नाहीत, कारण पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर राहायला हवं. चूळ न भरण्याची ही गोष्ट आजी-आजोबांना पटवताना तुमची सगळ्यात जास्त दमछाक होईल.

फ्लोराइडबद्दल तुम्ही वाचलंत ते अगदी निराधार नाही, फक्त चुकीच्या जागी लावलेलं आहे. तेलंगणात नलगोंडा, राजस्थानचे काही भाग इथे जमिनीतल्या पाण्यातच फ्लोराइड भरपूर. ते वर्षानुवर्षं पिऊन दात डागाळतात, हाडंही वाकतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५पर्यंत, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. मटारच्या दाण्याएवढी पेस्ट म्हणजे पाव ग्रॅम. १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १००० भाग फ्लोराइड) पेस्टमध्ये त्यात फ्लोराइड येतं पाव मिलिग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं थुंकलं जातं. हे थोडंसं फ्लोराइड कवचात शिरलं की कवच आम्लाला जास्त दाद देत नाही. ५.५ला विरघळणारं कवच ४.५च्या आसपासपर्यंत तग धरतं. किडीविरुद्ध पेस्टमध्ये खरं काम करणारी वस्तू तीच. बाकी लवंग, मीठ, कोळसा, पुदिना ही चव आणि जाहिरात. ज्या मुलाच्या चार दाढा किडल्या आहेत त्याला बिनफ्लोराइडची पेस्ट देणं म्हणजे नुसता फेस काढणं आहे. ट्यूबवर १००० पीपीएम बघून आणा. तीन ते सहा वर्षांपर्यंत मटारएवढी, तीनच्या आत तांदळाच्या दाण्याएवढा नुसता थर. तुमचा मुलगा सहाच्या पुढे आहे, मटारएवढी किंवा किंचित जास्त चालेल. ट्यूब त्याच्या हाती द्यायची नाही, स्ट्रॉबेरीच्या चवीची पेस्ट पोरं खाऊन टाकतात.

घराण्याचं विचारलंत. कवचाची जडणघडण, दातांची ठेवण, लाळ यात थोडा वाटा रक्ताचा असतो. पण एका घरातली माणसं एकाच वेळी, एकाच कपातून, एकाच सवयीने खातात-पितात, तो वाटा मोठा. कीड लावणारे जंतू तान्ह्या बाळाच्या तोंडात बहुतेक घरातल्या मोठ्यांकडूनच येतात, चमचा चाखून भरवताना, घास फुंकून देताना. तुमच्या यजमानांच्या तोंडात न भरलेली भोकं असतील तर त्यांनीही भरून घ्यावीत, आणि रात्री मुलाच्या शेजारी उभं राहून ब्रश करावा. आई ओरडून जे होत नाही ते बाबा शेजारी उभे राहिले की होतं.

सासूबाईंच्या सत्तरीतल्या दातांचं श्रेय आंब्याच्या पानाला देण्याआधी त्यांना लहानपणीचं खाणं विचारा. सकाळी पेज, दुपारी शीत-कडी, रात्री पुन्हा तेच आणि गोड सणाला, असं उत्तर बहुधा येईल. पाकिटातला ज्यूस नव्हता, झोपताना पावडरचं दूध नव्हतं. पानाची शीर चावून घासलं की दातांवरची घाण थोडी निघते, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण दाढेच्या खाचांत ते पोचत नाही, आणि फ्लोराइड त्यात नाही. जाता जाता विचारते, त्या मिशेरी तर लावत नाहीत ना? लावत असतील तर तो विषय दातांपुरता राहत नाही. मिशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यांच्या तोंडाची तपासणी त्याच फेरीत करून घ्या, आणि नातवाच्या हाताशी डबी ठेवू नका.

चवथीला गोड बंद? अजिबात नको. गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली बसलेल्या मुलाला नेवरी द्यायची नाही, असा सल्ला मी कुणाला दिला तर मला वाड्यावर कुणी घरात घेणार नाही, आणि ते बरोबरच होईल. शिवाय बंदी घातलेलं गोड मुलं शेजारच्या घरी जाऊन खातात, तेही चोरून आणि भरभर. नेवऱ्या, मोदक, पातोळ्या, लाडू, सगळं खाऊ दे, पण जेवणाच्या पानावर. जेवताना लाळ भरपूर सुटलेली असते, गोड तिथेच खपून जातं.

खरी अडचण आरत्यांची. घुमट वाजत वाड्यावरच्या घराघरांत फिरायचं, प्रत्येक घरी पंचखाद्य, करंजी, लाडू हातावर पडणार आणि पोर ते चघळत पुढच्या घरी जाणार. संध्याकाळचे तीन तास तोंड रिकामं नाही. त्याला एक छोटा डबा द्या. देवासमोर चिमूटभर प्रसाद तोंडात घालायचा, बाकी डब्यात, आणि वर दोन घोट पाणी. डबा घरी येऊन आजीच्या ताब्यात. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यातलं काय खायचं ते आजी ठरवेल. सासूबाईंना दातांच्या कामात ओढायची ही चांगली जागा आहे. ज्यांना राखणदार केलं त्या चोरून गूळ देत नाहीत, निदान कमी देतात. आणि आरती कितीही उशिरा संपू दे, मूल खांद्यावर झोपून घरी आलं तरी ब्रश करूनच अंथरुणात. अर्धवट झोपेत केलेला ब्रशसुद्धा चालतो. त्या पाच-सात दिवसांत तेवढं सांभाळलंत तर मी नेवऱ्या मोजायला येणार नाही.

दाढांचं काम झाल्यावर दर तीन-चार महिन्यांनी दाखवत राहा, सहा महिन्यांचा नियम ज्यांची तोंडं स्वच्छ आहेत त्यांच्यासाठी.

इलेक्ट्रिक ब्रश घ्यायची गरज नाही. तो वाईट नसतो, हात न वळणाऱ्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना उपयोगीही पडतो, पण तुम्ही स्वतः घासणार असाल तर लहान डोक्याचा, मऊ केसांचा साधा ब्रश पुरतो. तीन महिन्यांनी बदला, केस पसरले तर त्याआधीच. ते पैसे टोपीसाठी ठेवा.